कॅडिलॅक कोणी वाचवली? एका लाडक्या गोष्टीची उलटतपासणी

१/
अमेरिकी उद्योगविश्वातली एक गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. साल १९३२, जागतिक मंदीचा तळ. कॅडिलॅक ही आलिशान मोटार बंद करावी काय, याचा निर्णय घेण्यासाठी जनरल मोटर्सचे वरिष्ठ बसले आहेत. निमंत्रण नसलेला एक अधिकारी त्या बैठकीत शिरतो, ‘कृष्णवर्णीय ग्राहकांना उघडपणे गाड्या विका’ असे सांगतो आणि कॅडिलॅक वाचते. गोष्ट सुटसुटीत आहे आणि तिचा शेवट गोड आहे. या धाग्याचे म्हणणे असे, की ही गोष्ट कच्च्या पुराव्यावर उभी आहे आणि तिच्यात श्रेय चुकीच्या माणसाच्या पदरात पडले आहे.

२/
सुरुवात नावापासून करावी लागेल, कारण या मोटारीच्या नावातच एक विनोद दडलेला आहे. १७०१ मध्ये डेट्रॉइट वसवणारा फ्रेंच अधिकारी आंत्वान द ला मोत कॅडिलॅक याच्यावरून हे नाव घेतले गेले. पण या गृहस्थाचे जन्मनाव आंत्वान लोमे. फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांतातल्या एका सामान्य घरातला हा माणूस अटलांटिक ओलांडताना स्वतःच सरदार झाला. पदवी त्याने स्वतःला बहाल केली आणि कुलचिन्हही जुळवून घेतले. तेच कुलचिन्ह पुढे कॅडिलॅकच्या बॉनेटवर झळकले. ‘कुलीन’ म्हणून मिरवणाऱ्या या गाडीचे कूळच मुळात बनावट होते. कोण खानदानी आणि कोण नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिने पुढे कसा वापरला ते पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे.

३/
मोटारीची गुणवत्ता मात्र बनावट नव्हती. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड आपल्या दुसऱ्या कंपनीतून बाहेर पडले. तिची मालमत्ता विकून टाकावी या विचाराने भांडवलदारांनी हेन्री लेलँड या यंत्रज्ञाला मूल्यांकनासाठी बोलावले. लेलँड यांनी सल्ला दिला, विकू नका, गाड्या बनवा. त्यातून कॅडिलॅक कंपनी उभी राहिली. लेलँड यांची हयात बंदुका आणि अचूक मोजमापांची यंत्रे घडवण्यात गेली होती. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत कानशीचा एकही हात न मारता बसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या काळी बहुतेक मोटारींचे भाग कारागीर ठोकून-घासून एकमेकांत बसवत असत.

४/
१९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स येथे या आग्रहाची जाहीर परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या गेल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी साठ्यातले नवे घेतले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. तिन्ही गाड्या प्रत्येकी ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली. पुढे १९१२ च्या गाड्यांत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल फिरवताना हात मोडून घेण्याची धास्ती संपली. १९१४ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन आले. ‘जगाचे मानक’ हे बिरुद तोवर मोजपट्टीवर सिद्ध होत होते.

५/
१९०९ मध्ये कॅडिलॅक जनरल मोटर्सच्या मालकीची झाली आणि १९१७ मध्ये लेलँड बाहेर पडले. १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांनी कंपनीच्या गाड्यांची एक शिडी रचली. तळाशी शेव्हरोले आणि शिखरावर कॅडिलॅक. माणसाची मिळकत वाढेल तशी त्याने एकेक पायरी चढावी, ही कल्पना. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांनी आखलेली ला साल आली, १९३० मध्ये सोळा सिलिंडरांची कॅडिलॅक आली. प्रतिष्ठेची कसोटी यंत्रशाळेतून शोरूममध्ये सरकली. गाडी किती अचूक आहे यापेक्षा तिच्यात कोण बसलेले दिसते, याला मोल आले. ‘कोण बसलेले दिसू नये’ हा प्रश्न त्याच्याच पाठोपाठ आला.

६/
मग मंदी आली. १९२८ ते १९३३ या काळात कॅडिलॅकची वार्षिक विक्री सुमारे ८४ टक्क्यांनी घसरून पावणेसात हजारांच्या आसपास आली. जनरल मोटर्सने ओकलंड ही आपली जुनी गाडी १९३१ मध्ये बंद केलीच होती. बाहेर पीअरलेस, मार्मन यांसारखी मातब्बर नावे मोटारनिर्मितीतून नाहीशी होत होती. कॅडिलॅक बंद करण्याचा विचार झाला असेल, यात अशक्य असे काही नाही. लाडक्या गोष्टीचा पडदा इथेच उघडतो.

७/
गोष्ट सांगणारे आहेत प्रसिद्ध व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर. त्यांच्या कथनानुसार, कॅडिलॅकच्या सर्व्हिस विभागाचे प्रमुख, जर्मनीत जन्मलेले निकोलस ड्रायस्टाट यांना देशभरच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट दिसली. दुरुस्तीसाठी गाड्या घेऊन येणाऱ्यांत कृष्णवर्णीय मालक बरेच होते. मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर, जमीन-घरांचे व्यवहार करणारे. कंपनीचे धोरण तर त्यांना गाडी न विकण्याचे होते. मग गाड्या आल्या कुठून? जादा पैसे मोजून, एखाद्या गोऱ्या माणसाला पुढे करून, त्याच्या नावाने. ही रक्कम मध्यस्थाच्या खिशात जाण्याऐवजी कंपनीनेच का कमावू नये, असा ड्रायस्टाट यांचा सवाल होता. वरिष्ठांनी मुदत दिली आणि कॅडिलॅक अल्पावधीत सावरली, असे ड्रकर सांगतात.

८/
पहिला आक्षेप पुराव्याचा. हे सारे ड्रकर यांच्या ज्या आत्मकथनात येते ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. म्हणजे घटना आणि लेखन यांत साडेचार दशकांचे अंतर. १९३२ मध्ये ड्रकर अमेरिकेत नव्हते, जर्मनीत होते. जनरल मोटर्सचा अभ्यास त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केला. बैठकीचे वर्णन त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेले आहे. ड्रायस्टाट १९४८ मध्येच वारले. त्यामुळे पुस्तक आले तेव्हा होय किंवा नाही म्हणायला तेही उरले नव्हते. एका बखरीवरून लढाई सिद्ध होत नाही, हा धडा मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मिळतो. समकालीन कागद कोणता, तो कोणी लिहिला आणि कशासाठी, हे प्रश्न शिवकाळाला विचारायचे आणि डेट्रॉइटला माफ करायचे, असे कसे चालेल?

९/
दुसरा आक्षेप कारणमीमांसेचा. ड्रायस्टाट १९३४ मध्ये कॅडिलॅकचे प्रमुख झाले आणि त्यांनी उत्पादनखर्चावर कुऱ्हाड चालवली. १९३६ मध्ये त्यांनी ‘सिरीज ६०’ ही तुलनेने स्वस्त कॅडिलॅक आणली. तिची किंमत १,६४५ डॉलरपासून सुरू होत होती. तिच्यात बनवायला सोपे आणि स्वस्त असे नवे व्ही-एट इंजिन होते. ला सालची किंमतही उतरवली गेली आणि १९३७ मध्ये तिच्या सुमारे ३२ हजार गाड्या बनल्या. प्रतिस्पर्धी पॅकार्डनेही १९३५ मध्ये ‘वन-ट्वेंटी’ ही स्वस्त गाडी काढूनच तग धरला होता. याखेरीज देशाची अर्थव्यवस्था सावरत होती. इतकी कारणे समोर असताना एका धाडसी भाषणाने कंपनी वाचली म्हणणे, म्हणजे पावसाचे श्रेय बेडकाला देणे होय.

१०/
कॅडिलॅक तरण्याचे आणखी एक कारण गोष्टीत कधीच येत नाही, कारण ते नीरस आहे. मागे जनरल मोटर्सची तिजोरी होती. १९३२ सारख्या भीषण सालीही या महाकंपनीच्या ताळेबंदात वार्षिक तोटा लागला नाही. शेव्हरोलेच्या कमाईवर शिखरावरची गाडी पोसता येत होती. ड्यूझेनबर्ग १९३७ मध्ये आणि पिअर्स-ॲरो १९३८ मध्ये संपली. या गाड्या कॅडिलॅकहून कमी दर्जाच्या होत्या म्हणून संपल्या नाहीत. पडत्या काळात सावरणारा श्रीमंत नातेवाईक त्यांना नव्हता.

११/
मग गोष्टीत उरले काय? जे उरते ते अधिक मोलाचे आहे. ड्रकर यांची बैठक क्षणभर बाजूला ठेवून जेम्स व्हॅनडरझी यांचे एक छायाचित्र पाहावे. ठिकाण न्यूयॉर्कमधले हार्लेम, साल तेच, १९३२. रॅकूनच्या कातड्याचे लांब कोट घातलेले एक कृष्णवर्णीय जोडपे. पुरुष गाडीत बसलेला, स्त्री शेजारी उभी, आणि गाडी लखलखती कॅडिलॅक. छायाचित्र काही नोंदणीची कागदपत्रे दाखवत नाही. पण कंपनी ‘दार उघडावे काय’ यावर खल करत होती असे सांगितले जाते, त्याच साली हार्लेमच्या रस्त्यावर ही माणसे या गाडीसोबत ताठ मानेने कॅमेऱ्याला सामोरी जात होती.

१२/
ड्रकर यांचे कथन शब्दशः खरे मानले तरी निष्कर्ष हाच निघतो. ड्रायस्टाट यांनी नवा ग्राहक शोधला नाही. ग्राहक आधीच गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा होता. त्याने शोरूममधला नकार पचवला होता, मध्यस्थाची दलाली भरली होती, दुसऱ्याच्या नावाने होणाऱ्या व्यवहारातली जोखीम उचलली होती. पैसा त्याचा, धोका त्याचा, आणि पावतीवर नाव भलत्याचे. कंपनीला सुचलेली ‘कल्पना’ एवढीच, की ही दलाली आपल्याकडे वळवावी. याला दूरदृष्टी म्हणता येईल, न्यायबुद्धी म्हणता येणार नाही.

१३/
एवढा खटाटोप एका मोटारीसाठी कशाला? उत्तर शोधायला त्या काळच्या रेल्वेत आणि बसमध्ये बसावे लागेल. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘जिम क्रो’ कायद्यांनुसार कृष्णवर्णीयांचा डबा वेगळा असे. बसमध्ये त्यांनी मागे बसावे आणि गोरा प्रवासी आला तर उठावे, असा दंडक होता. पत्रकार जॉर्ज शायलर यांनी १९३० मध्येच लिहून ठेवले, की ज्याला शक्य आहे तो कृष्णवर्णीय माणूस लवकरात लवकर मोटार घेतो, कारण तेवढ्यापुरती भेदभावातून आणि अपमानातून त्याची सुटका होते. स्वतःच्या गाडीत मागच्या बाकावर बसवणारा कंडक्टर नसतो.

१४/
पण गाडी घेतली म्हणून रस्ता आपला होत नाही. वाटेतल्या कित्येक हॉटेलांत खोली मिळत नसे, खानावळीत जेवण मिळत नसे, पेट्रोल पंपावर तेल मिळाले तरी स्वच्छतागृह मिळत नसे. संध्याकाळनंतर कृष्णवर्णीय दिसता कामा नये अशीही गावे होती. म्हणून हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढले. कुठे थांबता येईल, कुठे जेवता येईल, याची ती यादी. कुटुंबे डबे भरून घेत, पांघरुणे घेत, जादा पेट्रोल घेत. गाडी हीच खानावळ, हीच धर्मशाळा.

१५/
या परिस्थितीत मोठी, ऐसपैस आणि न बिघडणारी गाडी हा चैनीचा विषय राहत नाही. रात्री आडगावात इंजिन बंद पडणे म्हणजे जिवावरचे संकट. मागच्या सीटवर मुले झोपली पाहिजेत, डिकीत दोन दिवसांचे सामान मावले पाहिजे, आणि कोणी पाठलाग केला तर इंजिनात दम असला पाहिजे. ब्यूइकसारख्या भक्कम गाड्या कृष्णवर्णीय कुटुंबांत लोकप्रिय होण्यामागे हेही कारण होते, आणि कॅडिलॅक त्याच शिडीची वरची पायरी. ‘ऐपत नसताना दिखावा’ अशी नाके मुरडणाऱ्यांनी हा प्रवास कधी केलेला नव्हता.

१६/
आणि तरीही ही गाडी मालकाला पुरती सुरक्षित ठेवत नव्हती. महागडी मोटार चालवणारा कृष्णवर्णीय माणूस दिसला की पोलिसाला ती चोरीची वाटे. म्हणून काही मालक गाडीत शोफरची टोपी ठेवत. कोणी अडवले की टोपी डोक्यावर चढवायची आणि सांगायचे, गाडी साहेबांची आहे, पोचवायला चाललो आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीत मालकाने नोकराचे सोंग घ्यायचे. ‘मालकीचा अनुभव’ हा शब्द मोटारविक्रीच्या जाहिरातींत फार लाडका आहे. या टोपीचा अनुभव कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही.

१७/
कॅडिलॅकचे आणखी एक रूप स्मरणरंजनात हरवते. अमेरिकेत शववाहिका आणि रुग्णवाहिका बांधणारे अनेक कारखाने कॅडिलॅकचाच लांब सांगाडा वापरत. दक्षिणेत गोऱ्यांची रुग्णवाहिका कृष्णवर्णीय रुग्णाला बहुधा घेत नसे. तेव्हा कृष्णवर्णीय समाजातले अंत्यविधी-व्यावसायिकच रुग्णवाहिकेची सेवा देत. तीच गाडी सकाळी कोणाला दवाखान्यात नेई आणि दुपारी कोणाला स्मशानात. हे व्यावसायिक गोऱ्या मालकांवर अवलंबून नव्हते. त्यामुळे नागरी हक्कांच्या चळवळीला त्यांचा मोठा आधार मिळाला. या समाजासाठी कॅडिलॅक ही केवळ गायकांची आणि मुष्टियोद्ध्यांची मिजास नव्हती.

१८/
आता घराकडे वळू. पैसा आला की माणूस आधी घर घेतो, मग गाडी. इथे तो क्रम का उलटला? कारण कित्येक वस्त्यांतल्या खरेदीखतांत ‘हे घर कृष्णवर्णीयास विकू नये’ असे कलमच असे, आणि गृहकर्जांना हमी देणारी सरकारी यंत्रणा त्या कलमांची शिफारस करत असे. अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ मध्ये. त्याच साली विख्यात गायक नॅट किंग कोल यांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्कमध्ये घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हुसकण्यासाठी संघटना बांधली. एवढ्या नामवंताची ही गत, तर इतरांचे काय? घर नाकारले जात होते, क्लब नाकारला जात होता. चाकांवरची प्रतिष्ठा तेवढी हाती येण्यासारखी होती.

१९/
हे त्या समाजाला पुरते ठाऊक होते. ‘एबनी’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकाने सप्टेंबर १९४९ मध्ये एक संपादकीयच लिहिले, आपली माणसे कॅडिलॅक का घेतात या विषयावर. त्याचा आशय असा, की ही मोटार समतेच्या लढ्यातले एक हत्यार आहे, कोणत्याही गोऱ्याच्या बरोबरीचे असल्याचे ते चारचौघांत केलेले विधान आहे. हा कागद समकालीन आहे, मालकांच्याच समाजाने लिहिलेला आहे आणि छापील आहे. समाजमाध्यमांवर मात्र फिरते ती साडेचार दशकांनंतर लिहिलेली, ऐकीव, अधिकाऱ्याच्या बाजूची आठवण. ही निवड निरागस नाही.

२०/
प्रतिवाद कृष्णवर्णीय समाजाच्या आतूनही झाला आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या उधळपट्टीवर आणि आभासी दुनियेवर कठोर टीका केली. पैसा उद्योगांत आणि संस्थांत का गुंतवत नाही, हा प्रश्न रास्त होता. पण तो अर्धाच होता. बँक कर्ज देत नाही, घर विकत मिळत नाही, विमा कंपनी दारात उभे करत नाही, तिथे गुंतवणुकीचे मार्ग कोणते? आणि गोऱ्या मालकाने कॅडिलॅक घेतली तेव्हा त्याच्या विवेकाची शहानिशा करायला कोणता समाजशास्त्रज्ञ गेला?

२१/
मराठी वाचकाला यातले मर्म परके वाटू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे जड दागिने अस्पृश्यतेची खूण ठरले आहेत ते टाकून द्या. अंगावरची वस्तू ही समाजाने मारलेली मोहोर असते आणि ती बदलणे हे राजकारण असते, हे त्यांनी ओळखले होते. हेच आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या शेजारी, शिकत होते. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. मिरवणुकीतल्या घोड्यावरून माणसे मारली जातात त्या देशात ‘गाडीच तर आहे’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभत नाही.

२२/
श्रेय कसे सरकते, याचे एक रंगीत उदाहरण. गुलाबी कॅडिलॅक म्हटले की जगाला एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. त्याची १९५५ ची गुलाबी गाडी आजही मेम्फिसमध्ये ग्रेसलँड येथे पाहायला मिळते. त्याने ती आईला दिली, तिला गाडी चालवता येत नव्हती, हा तपशीलही भाविकतेने सांगितला जातो. पण मुष्टियुद्धातला जगज्जेता शुगर रे रॉबिन्सन त्याच्या आधी कित्येक वर्षे गुलाबी कॅडिलॅकमधून हार्लेममध्ये फिरत होता आणि रस्त्यावरची पोरे त्या गाडीमागे धावत होती. एकाची गाडी दंतकथा झाली, दुसऱ्याची तळटीप.

२३/
आता लाडक्या गोष्टीचा ‘गोड शेवट’ तपासू. दार १९३० च्या दशकात उघडले म्हणतात. पण ते गल्ल्याच्या कोणत्या बाजूचे दार होते? एड डेव्हिस या कृष्णवर्णीय व्यावसायिकाला १९४० मध्ये डेट्रॉइटमध्ये नव्या गाड्यांची एजन्सी मिळाली, ती स्टुडबेकरची. जनरल मोटर्सने आपली पहिली एजन्सी एका कृष्णवर्णीय व्यावसायिकाला दिली ती १९६७ मध्ये, शिकागोत आल्बर्ट जॉन्सन यांना, आणि तीही ओल्ड्समोबिलची. १९३२ पासून मोजले तर पस्तीस वर्षे. कृष्णवर्णीयांचा पैसा घ्यायला हरकत नव्हती. त्यांना पैसा कमावू द्यायला होती.

२४/
आणि मग तीच गाडी पुराव्याच्या रूपाने मालकाविरुद्धच उभी करण्यात आली. १९७० मध्ये सरकारी मदतीवर जगून कॅडिलॅक फिरवणाऱ्या गरिबाची टिंगल करणारे एक गाणे गाजले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वतीने ते व्हाइट हाउसमध्ये गाण्याची फर्माईश जॉनी कॅश यांना झाली, आणि कॅश यांनी ते गायले नाही. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन मदतनिधी लुबाडणाऱ्या स्त्रीचा किस्सा सांगत हिंडले. वर्तमानपत्रांनी तिच्या कॅडिलॅकची वर्णने आधीच छापली होती. भाषणात वर्ण उच्चारावा लागत नसे, श्रोत्यांना तो आपोआप ऐकू येई. सन्मानाची खूण चार दशकांत आरोपपत्र झाली.

२५/
कॅडिलॅकचे पुढचे दिवस तिच्याच हाताने बिघडले. १९८१ चे सिलिंडर आपोआप बंद-चालू करणारे इंजिन मालकांना छळत राहिले. १९८२ ची ‘सिमरॉन’ म्हणजे वेष बदललेली शेव्हरोले कॅव्हेलियर, हे कोणापासून लपले नाही. शिडीवरचे अंतर कंपनीने स्वतःच पुसून टाकले. पुढे १९९८ मध्ये ‘एस्कलेड’ आली, तीही घाईने बेतलेली. तिला तरुणांत जी झळाळी आली त्यात हिप-हॉप कलावंतांच्या गाण्यांचा आणि चित्रफितींचा वाटा मोठा होता. प्रतिष्ठा पुन्हा एकदा बाहेरून आली. कुलचिन्ह कंपनीचे होते, त्याला अर्थ मालक देत होते.

२६/
तरीही बैठकीची गोष्टच का आवडते? कारण तिचे तात्पर्य सोयीचे आहे. भेदभाव तोट्याचा असतो, म्हणून बाजार तो आपोआप संपवतो, फक्त एक हुशार व्यवस्थापक हवा, असे ते तात्पर्य. वस्तुस्थिती याला छेद देते. बाजाराने भेदभावावर कमाई केली. आधी मध्यस्थाने दलाली घेतली, मग कंपनीने नफा घेतला, आणि एजन्सी, घर, कर्ज, विमा ही दारे कायद्याने आणि चळवळीने ठोठावीपर्यंत बंदच राहिली. बसमधली मागची सीट कोणा व्यवस्थापकाच्या भाषणाने रद्द झाली नाही. १९५५-५६ मध्ये मॉन्टगोमेरीत हजारो माणसे वर्षभर पायी चालली आणि न्यायालयात लढली, तेव्हा ती रद्द झाली.

२७/
म्हणून पुढच्या वेळी ही गोष्ट सांगायची झाल्यास ती बैठकीच्या खोलीतून सुरू करू नये. ती वर्कशॉपच्या दारातून सुरू करावी. तिथे एक डॉक्टर किंवा एक गायक, दुसऱ्याच्या नावाने घेतलेली आणि स्वतःच्या पैशाने चुकती केलेली गाडी तेलपाण्यासाठी घेऊन उभा आहे. सीटखाली शोफरची टोपी आहे, मागे डब्यांची पिशवी आहे, आणि पुढचा मुक्काम कुठे करता येईल याचा हिशेब डोक्यात चालू आहे. ड्रायस्टाट यांच्या हुशारीला दोन ओळी जरूर द्याव्यात. त्यांनी या माणसाकडे पाहिले, एवढे श्रेय त्यांचे आहे. गोष्ट मात्र त्या माणसाची आहे.